परवा तपासलेला माउंट

मॉनिटरवर मी स्वच्छ दिसत होतो आणि मोईन धुरकट. एका लांब बाकाच्या डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला तो, मधे कुणीच नाही. माझ्या शर्टाच्या बटणाची भोकंसुद्धा मोजता येत होती. मोईनच्या मिशा मात्र कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारख्या.

"मेरे कू काइकू धुंदला कर दिए, मॅडम?" मोईन बाकावरूनच ओरडला. "इनसे तो मैं अच्छा दिखता हूँ ना!"

"जागा बदला," मुक्ता म्हणाली.

आम्ही जागा बदलल्या. आता मोईनच्या मिशांचा केस न् केस वेगळा आणि मी धुरकट.

"सॉरी," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला सॉरी?" मुक्ताने विचारलं.

कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. पण माझं हे असंच आहे. कुठे काही बिघडलं की पहिला संशय मला माझाच येतो. गल्लीतली वीज गेली तरी मी आधी आमच्या गिझरचं बटण बघतो. बायको म्हणते, रस्त्यात खांबाला धडकलात तर खांबाची माफी मागाल. एकदा मागितलीही आहे. अंधार होता, माणूस वाटला.

मी हैदराबादला, कृष्णानगरमध्ये, सिनेमाचे कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत लेन्स सांभाळतो. शाळा जामबागला मराठीतून झाली, हात कोठीच्या एका कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात तयार झाला आणि घर आजही काचीगुड्याला आहे. लेन्स उघडणं, पुसणं, तेल बदलणं, तपासणं हे माझं काम. मोईन कॅमेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक बाजू बघतो. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना इतकी वर्षं बसलोय की डबाही एकाच वेळी उघडतो. कंपनी सुजाता मॅडमची. त्या तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलतात आणि रागावल्या की मला नावापुढे 'गारू' लावतात. आपल्या 'राव'सारखा हा तेलुगूतला आदराचा शब्द. मॅडम खूश असल्या की मी नुसता औरादकर असतो.

मुक्ता पुण्याची. सिनेमॅटोग्राफर, म्हणजे सिनेमाचं चित्रण जिच्या हातात असतं ती. तिशी नुकतीच ओलांडलेली, आणि हा तिचा पहिला मोठा सिनेमा. शूटिंग विकाराबादकडे सोमवारी सुरू व्हायचं होतं. आली तेव्हा मी हिंदीत सुरुवात केली. माझं आडनाव ऐकून ती म्हणाली, "अहो, मराठी का? मग मराठीतच बोला की काका." मला फार बरं वाटलं. दुकानात मराठी बोलायला मिळण्याचे प्रसंग कमीच. पुढचा सगळा घोटाळा याच आनंदातून झाला.

तिला दोन सेटमधून एक निवडायचा होता. एक आमचा जुना सेट, ज्याला आम्ही 'बड़े मियाँ' म्हणतो. त्याच्या लेन्सला वय झालेलं आहे. त्यातून चेहरा मऊ, उबदार दिसतो. दिवा समोर आला की त्याच्याभोवती सोनेरी धूसर वलय येतं. पण चित्राच्या कडा दोन्ही बाजूंना थोड्या सैल पडतात. दुसरा सेट कोरा, परदेशातून आलेला. मॅडमनी तो आणवला तेव्हा पेटीला हार घालून नारळ फोडला होता. त्याची खासियत अशी की मधे जेवढं स्पष्ट, तेवढंच कडेला.

चित्राच्या मध्यभागी बहुतेक लेन्स चांगल्या असतात. खरी परीक्षा कोपऱ्यांची. लग्नातल्या ग्रुप फोटोत मधले नवरा-नवरी छान येतात आणि कडेचा आत्येभाऊ विरघळतो, तसं. तपासायला समोर एक टेस्ट चार्ट लावतात. पांढऱ्या फळ्यावर बारीक होत जाणाऱ्या काळ्या रेघा असतात. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे तिला दोष लपवता येत नाहीत. मग बघायचं, रेघा कुठपर्यंत वेगळ्या दिसतात आणि कुठे एकमेकींत मिसळतात. काळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते का, तेही बघायचं.

चार्टवर दोन्ही सेट सकाळीच बघून झाले होते. नव्या लेन्सची उजवी बाजू सॉफ्ट येत होती, म्हणजे रेघा पसरट. तेव्हाही मी सॉरी म्हटलं होतं, चार्ट मीच लावला होता म्हणून. फीत धरून चार्ट पुन्हा सरळ केला. फरक नाही. मग वाटलं, काचेवर माझंच बोट लागलं असेल. दुसरं सॉरी. काच पुसली. फरक नाही. मग मुक्ता म्हणाली, "रेघा राहू द्या, मला माणसं बघायची आहेत," आणि तिने बाक मागवला.

बाकाचं कारण तिने आम्हाला सांगितलं. सिनेमा दोन बहिणींचा आहे. कितीतरी वर्षं त्या बोलत नाहीत. आई गेल्यावर दोघी तलाठ्याच्या ऑफिसबाहेर एका बाकावर येऊन बसतात. दोन टोकांना. मधे सगळा बाक रिकामा. कॅमेरा हलत नाही, कट होत नाही, आणि प्रेक्षकाने दोघींचे डोळे एकाच वेळी बघायचे.

"म्हणजे दोन्ही टोकं मला हवीत," ती म्हणाली. "त्यासाठीच प्रोड्युसरशी भांडून नवा सेट मागितला. जुन्यात दोघी विरघळतात. नव्यात एकच विरघळतेय, हे तर आणखी वाईट. लोकांना वाटेल मी बाजू घेतेय."

"पास पास बैठा दो ना," मोईनने सुचवलं. "घर की बात, घर में निपट जाती."

"जवळ बसल्या तर सिनेमाच संपला, मोईनभाई."

आता दोष कुठे आहे ते शोधायचं होतं. एक बाजू सॉफ्ट असण्याची कारणं थोडी असतात. समोरची वस्तू तिरकी असेल. ते तपासून झालं होतं. लेन्सच्या आतली एखादी काच तिरकी बसली असेल. प्रवासात आपटली तर तसं होतं. किंवा कॅमेऱ्याचा माउंट तिरका असेल. माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरची धातूची कडी, जिच्यात लेन्स बसते. तिथून आतल्या सेन्सरपर्यंतचं अंतर सगळ्या बाजूंनी अगदी सारखं लागतं. केसाच्या जाडीहून कमी फरक पडला तरी एक बाजू बिघडते. ते अंतर मोजायचं काटा असलेलं यंत्र म्हणजे गेज.

लेन्स एकटी, कॅमेऱ्याशिवाय तपासायला आमच्याकडे प्रोजेक्टर आहे. त्यात लेन्स लावली की रेघा भिंतीवर पडतात. पण त्याचा दिवा गेला होता आणि नवा वाटेत होता. बाकीचे कॅमेरे बाहेर शूटिंगवर. आमच्या हातात हा एकच, आणि सोमवारी मुक्ताबरोबर जाणार होता तोही हाच.

तिने मला सरळ विचारलं, "काका, माउंट कधी तपासलाय?"

"परवाच बघितलाय की," मी म्हणालो.

"नक्की?"

"होय की. मीच बघितला. गेज लावून. एकदम बरोबर होता."

"मग माउंटचा प्रश्नच नाही. लेन्सच वाकडी आहे."

सगळं कसं सरळ जुळत गेलं. मॅडमना बोलावलं. त्या आल्या, मॉनिटर बघितला, बाकाच्या टोकाचा विरघळलेला मी बघितला.

"नयी लेन्स? इतना पूजा करके लाये, वो टेढ़ी?"

"सॉरी मॅडम," मी म्हणालो. "पेटी मीच उघडली होती. उघडताना माझ्याकडूनच काही—"

"औरादकर गारू, आज के कितने सॉरी हो गये?"

"चौथा है, मॅडम," मोईन म्हणाला. "दो सुबह चार्ट के सामने हो गये, एक बेंच पे."

मॅडम फोन लावायला बाहेर गेल्या. सेट ज्याने आणून दिला त्या माणसाला त्या काय बोलल्या, ते दारातून ऐकू येत होतं. तो बिचारा काही सांगू पाहत होता, पण मॅडमच्या तेलुगूपुढे त्याचं काही चालेना. सेट परत जाणार होता. मी त्या लेन्सला टोपण लावलं आणि तिला पेटीत ठेवलं. वाईट वाटलं. कोरी लेन्स होती, अजून एका माणसाचा चेहराही तिने धड बघितला नव्हता. बघितले ते मी आणि मोईन.

मुक्ता बाकावर बसली होती. मग म्हणाली, "बड़े मियाँ द्या काका. तो बाकाचा सीन मी बदलते. आधी एक बहीण, मग दुसरी, असे वेगवेगळे शॉट घेईन."

"चालेल ना तसं?"

"चालेल. सगळं चालतं." ती हसली, पण ते हसणं मला बघवलं नाही. "डायरेक्टरला मीच पटवलं होतं, एकच शॉट घेऊ म्हणून. आता मीच सांगते की नको."

चहा आला. आमच्याकडे असा प्रसंग आला की कुणीतरी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवतं, आणि मग कुणी काही बोलायची गरज उरत नाही. पण मोईनला गप्प बसवत नाही. मुक्ताला हसवायचं म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवून सुरू झाला.

"मॅडम, आप इनको अभी देख रहे. परसों इसी टेबल पे आये थे ये, नये नये. इत्ते काले बाल! ऐसी घनी मूँछ! पहले दिन इन्होंने मेरी चाय गिरा दी, शाम तक सॉरी बोले. परसोंइच की बात है."

मुक्ता खळखळून हसली. मीही हसलो. मग तिचं हसणं मधेच थांबलं. हातातलं बिस्कीट चहात होतं. ते मऊ होऊन कपात पडलं, तरी तिने बघितलं नाही.

"परसों?" तिने मोईनला विचारलं.

"हौ. परसों."

"तुमचा मोठा मुलगा काय करतो म्हणालात?"

"इंजीनियरिंग. आखरी साल."

"आणि लग्न?"

"वो भी परसोंइच हुआ, मॅडम."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुमचं परवा पण असंच आहे का?"

इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ती सांगूनही पटत नाही. हैदराबादच्या बोलीत 'परसों' म्हणजे कालच्या आधीचा दिवस नव्हे. परसों म्हणजे होऊन गेलेलं. गेला आठवडा परसों, गेलं वर्ष परसों, निजामाचं राज्यही एखादा म्हातारा परसोंमध्येच बसवतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी माणसं. आमच्या 'परवा'ला हे कधी चिकटलं ते आम्हालाही कळलं नाही. घरात आई म्हणायची, परवा तुझी मुंज झाली तेव्हा अमकं झालं. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. एकमेकांत बोलताना चालतंही, कारण दोघांचंही परवा सैलच असतं. पण मुक्ताचं परवा पुण्याचं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी स्क्रू लावलेले.

"काका?"

मी आठवत होतो. गेज हातात होतं, मोईनच्या बायकोने पाठवलेला शीरखुर्मा नव्हता, म्हणजे ईद नव्हती. खाली गल्लीत बायका फुलं विकत बसल्या होत्या, झेंडू आणि तंगेडूची पिवळी फुलं. म्हणजे बतुकम्मा.

"बतुकम्माच्या आधी," मी म्हणालो.

"म्हणजे कधी?"

"दसऱ्याच्या सुमारास येतो तो सण."

आता उगादी होऊन गेली होती. आपला पाडवा.

मुक्ताने कप खाली ठेवला. "त्यानंतर हा कॅमेरा बाहेर गेला होता?"

"दो पिक्चर करके आया," मोईन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "एक में तो वो बड़ी झूम लेन्स टाँगे थे इसपे. बिना सपोर्ट के. मैं बोला था नक्को करो."

मी खोटं बोललो नव्हतो. पण या वाक्याचा आधार घेऊन उभं राहावं म्हटलं तर राहता येईना. कारण घोटाळा फक्त तिचा आणि माझा नव्हता. 'परवा' म्हटल्याबरोबर ती तपासणी माझ्या स्वतःच्या मनातसुद्धा ताजी झाली होती. सकाळपासून मी चार्टला, बोटाला, पेटी उघडणाऱ्या हाताला, सगळ्यांना दोष दिला. माउंटवर मात्र संशय घेतला नाही. तो परवाच बघितला होता ना!

मी पेटी पुन्हा उघडली.

एक साधी युक्ती असते, जी मी सकाळीच करायला हवी होती. या माउंटला चार कान असतात, त्यामुळे लेन्स पाव फेरी फिरवूनही बसवता येते. लेन्स फिरवल्यावर धुरकट भाग तिच्याबरोबर फिरला तर दोष लेन्सचा. तो जागचा हलला नाही तर लेन्स निर्दोष.

मी लेन्स पाव फेरी फिरवून लावली. तिच्यावरचे आकडे आडवे झाले. चार्टकडे बघितलं. उजवी बाजू धुरकट. आणखी पाव फेरी, म्हणजे आता उलटी. उजवीच बाजू. आणखी एकदा. उजवीच.

"लेन्स सरळ आहे," मुक्ता म्हणाली. ती हळू बोलली, पण खुर्चीतून उठली होती.

मोईन बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. माउंटच्या कडीला गोल स्क्रू असतात. एका बाजूचे दोन सैल निघाले. दिसायला काही दिसत नव्हतं. कडी बोटाने दाबली तरी हलत नव्हती. पण गेज लावलं तर काटा एका बाजूला सरकून बसला.

"मग बड़े मियाँमध्ये हे का नाही दिसलं?" मुक्ताने विचारलं.

"ते दोन्ही कडांना सैलच आहेत," मी सांगितलं. "एक कड आणखी थोडी सैल झाली तर कुणाच्या लक्षात येणार? नवी लेन्स एवढी काटेकोर म्हणून कॅमेऱ्याची चूक उघडी पडली."

हे बोलता बोलता मला पुढचं सगळं दिसलं. अजून थोडा वेळ गेला असता तर खरं बोलणारी लेन्स परत गेली असती आणि वाकडा कॅमेरा म्हाताऱ्या लेन्स लावून विकाराबादला गेला असता. मुक्ताने महिनाभर उजव्या बाजूला बघत स्वतःलाच दोष दिला असता. स्वतःला दोष देत जगणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. ते दुसऱ्याला देऊ नये.

स्क्रू बसवले. गेज लावलं, चारही बाजूंनी. मग मी काढून ठेवलं आणि मुक्ताला म्हटलं, "तुम्ही लावून बघा." तिने लावलं. मग लेन्स सरळ लावून मी आणि मोईन पुन्हा बाकाच्या टोकांना जाऊन बसलो.

मॉनिटरवर डावीकडे मी, उजवीकडे मोईन. दोघंही स्वच्छ. मोईनने डोळे बारीक करून स्वतःकडे बघितलं.

"अरे, इससे तो धुंदला अच्छा था. इत्ती झुर्रियाँ?"

मुक्ता मधल्या रिकाम्या बाकाकडे बघत होती. मग तिने खिशातून फोन काढला आणि डायरेक्टरला एवढंच म्हणाली, "एकच शॉट. काही बदलायचं नाही."

मी मॅडमकडे गेलो. त्या अजून फोनवरच होत्या.

"मॅडम, लेन्स अच्छी है. माउंट ढीला था. ग़लती मेरी है. सॉरी."

त्यांनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे संशयाने बघितलं. "ये सच्ची वाली है, या सुबह जैसी?"

तेव्हा मला कळलं की मी सकाळपासून चार खोट्या सॉरी उधळून बसलो होतो आणि खऱ्या सॉरीला आता कुणी विचारत नव्हतं. मी सगळं सांगितलं, परवासकट. मॅडमनी ऐकून घेतलं आणि फोनवरचा हात काढून त्या माणसाला अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की सेट उत्तम आहे, तुम्ही उगाच घाबरलात. मग मला म्हणाल्या, "औरादकर, अब से तारीख बोलना." गारू लावलं नाही.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "तुमचं नेहमीचंच आहे. परवाही असंच केलं होतंत."

"कधी?"

"आपल्या लग्नात. माळ माझ्या गळ्यात पडली नाही म्हणून भटजींना सॉरी म्हणालात."

शूटिंग सुरू झाल्यावर एके दिवशी मुक्ताने एक फ्रेम पाठवली. लांब बाक, वर पत्र्याची सावली. डाव्या टोकाला एक बाई, उजव्या टोकाला दुसरी. डावीच्या मांडीवर पिशवी, उजवीच्या हातात चष्मा. दोघींच्या डोळ्यांत पाणी आहे हे दिसतं, आणि दोघी समोर बघतायत. मी फोन मोईनपुढे धरला. त्याने ती दोन बोटांनी मोठी करून आधी उजवा कोपरा बघितला, मग डावा. आमच्या धंद्यात चित्र असंच बघतात. मग लहान करून पूर्ण बघितली, आणि काही विनोद केला नाही.

या प्रसंगातून मी एक शिकलो. लेन्सला दोष देण्याआधी कॅमेरा तपासावा आणि कॅमेऱ्याच्या आधी तपासणाऱ्याची भाषा. सॉरीही मी आता जपून वापरतो. निदान प्रयत्न करतो. परवाच एका खांबाला... जाऊ द्या.

शूटिंग संपल्यावर मुक्ताचा फोन आला.

"काका, सेट आणि कॅमेरा परवा परत आणते."

मी पेन उघडलं. "तारीख सांगा."

पलीकडून तेच खळखळून हसणं.

"पुण्याचं परवा हो, काका!"

तारीख मी तरीही लिहून घेतली. ती त्याच दिवशी आली. आल्या आल्या मी तिच्यासमोर माउंटला गेज लावलं.